होडीवरची बॅटरी आणि गावचा खांब : पॅनेल बसले, पुढे काय?

वाचकहो, एखाद्या संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर जरा उभे राहून बघा. दहा होड्यांमागे दोन-तीन होड्यांच्या टपावर आता निळे-काळे सौर पॅनेल दिसते. परत फिरताना गावच्या रस्त्यावरही तसेच पॅनेल खांबावर दिसेल. होडीवाल्याला विचारा, 'काय, चालतं का?' तो म्हणेल, 'पहिलं वर्ष बरं चाललं. आता रात्री बारालाच दिवा मंद होतो.' सरपंचांना खांबाबद्दल विचारा. उत्तर तेच मिळेल. पंधरा दिवे बसवले होते, त्यातले पाच-सहा लागतात.

मग चहाच्या टपरीवर निकाल लागतो, 'सोलर म्हणजे फसवणूक.' हा निकाल घाईचा आहे. पॅनेल सहसा बिघडत नाही. काच फुटली नाही आणि आत पाणी शिरले नाही, तर ते वीस-पंचवीस वर्षे वीज देते. मरते ती बॅटरी. आणि बॅटरी बहुतेक वेळा आपल्या मरणाने मरत नाही, ती उपाशी मरते. रोज जेवढा उपसा होतो तेवढी भर पडत नाही, आणि हा हिशेब खरेदीच्या दिवशी कोणी केलेला नसतो. तो कसा करायचा, एवढाच आजचा विषय.

समुद्रावर हा प्रश्न जिवाचा आहे

रस्त्यावरचा दिवा विझला तर माणूस ठेचकाळेल. होडीवरची बॅटरी बसली तर काय होते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. रात्री दिवा नाही म्हणजे मोठ्या ट्रॉलरला वा जहाजाला होडी दिसत नाही. वायरलेस बंद म्हणजे सोळा नंबरच्या चॅनेलवर हाक मारता येत नाही. मोबाईल बंद म्हणजे, रेंज असली तरी, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावता येत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा समुद्रात असलेल्या होड्यांची बातमी मिळेना म्हणून घरोघर काय अवस्था झाली होती, ते त्या पिढीला आठवत असेल.

त्यानंतर सरकारनेही संपर्काची साधने वाढवली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मच्छिमार नौकांसाठीच्या संपर्क यंत्रणेची देशव्यापी सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना असून किनारपट्टीच्या राज्यांत टप्प्याटप्प्याने एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे असे तिचे स्वरूप आहे. चांगली गोष्ट आहे. पण यंत्र कोणतेही असो, त्याला वीज लागते. यंत्र सरकार देईल, बॅटरी मात्र तांडेलालाच सांभाळावी लागेल.

इंजिनाच्या होडीवर ही अडचण थोडी कमी असते. इंजिन चालू आहे तोवर त्याचा अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो. खरी परीक्षा शिडाच्या नौकेची. इंजिन बंद, वारा भरलेला, आणि दिवा, वायरलेस, दिशा दाखवणारे यंत्र सगळे बॅटरीवर. नौदलाचे दिलीप दोंदे हे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून तीच प्रदक्षिणा केली. असल्या लांबच्या सफरीत वीज किती आली आणि किती गेली, याचा हिशेब रोजचा रोज ठेवावाच लागतो. आपली होडी रात्रभर नांगर टाकून उभी असते किंवा शिडावर चालते, तेव्हा तीही त्याच अवस्थेत असते. म्हणून शिडाच्या नौकेचे नियम समजून घेतले, की गावचा खांब आणि शेतातले झटका मशीन दोन्ही आपोआप समजतात.

आधी उपसा मोजा

बॅटरी म्हणजे विहीर आणि पॅनेल म्हणजे तिचा झरा. झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला की विहीर कितीही खोल असो, एक दिवस तळ दिसतोच. तेव्हा पॅनेल किती वॅटचे घ्यावे हा प्रश्न दुसरा. रोज लागते किती, हा पहिला.

एक साधारण छोटी होडी घेऊ. तीन-तीन वॅटचे तीन एलईडी दिवे, रात्री दहा तास : ९० वॅट-तास. वायरलेस नुसता ऐकत ठेवला तर पाच वॅट, बारा तासांचे ६०. बोलताना तो बारा पट वीज घेतो, पण बोलणे पंधरा मिनिटांचे धरले तर आणखी १५. जीपीएस व मासे दाखवणारे यंत्र दहा वॅटचे, आठ तास : ८०. तीन मोबाईल चार्ज करायला ४५. बेरीज झाली २९०. सोयीसाठी ३०० वॅट-तास धरा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून याचा अर्थ रोज २५ एएच, म्हणजे अँपिअर-तास.

आता झऱ्याकडे वळू. दुकानदार सांगतो, 'शंभर वॅटचं पॅनेल, दहा तास ऊन, हजार वॅट-तास मिळतील.' इथेच पहिली चूक होते. शंभर वॅट हा आकडा कारखान्यात, पंचवीस अंश तापमानाला, भर उजेडात मोजलेला असतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या मापाचे नसते. आपल्याकडे दिवसभराच्या उन्हाची बेरीज केली तर ती पूर्ण ताकदीच्या साधारण पाच तासांएवढी भरते. पावसाळ्यात ती साडेतीन-चारावर येते, आणि सलग झड लागली तर त्याहूनही खाली. शिवाय पॅनेल तापले की वीज कमी होते. होडीवर ते आडवेच ठेवावे लागते, कारण होडी दिशा बदलते. वर मिठाचा थर, तारेतली गळती. हे सगळे धरून हातात ६५ टक्केच येतात असे माना.

म्हणजे १०० वॅट गुणिले ५ तास गुणिले ६५ टक्के, बरोबर ३२५ वॅट-तास. गरज ३००. कागदावर जमले, पण गाठीला काही उरत नाही. एक दिवस ढगाळ गेला की तूट पडली, आणि ती भरून काढायला दुसऱ्या दिवशी जास्तीचे काही नाही. म्हणून या होडीला १५० वॅट तरी हवेत. पावसाळी हवेत वावरणार असाल तर २००.

बॅटरीचा हिशेबही असाच. साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त उपसा रोज करू नये, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. रोज २५ एएच, ऊन नसले तरी दोन दिवस निघावेत म्हणून ५०, आणि निम्माच उपसा करायचा म्हणून त्याची दुप्पट. म्हणजे १०० एएचची बॅटरी. यापेक्षा मोठी घेतली तर काय बिघडले, असे काहींना वाटते. बिघडते. छोट्या पॅनेलवर मोठी बॅटरी म्हणजे बारीक झऱ्यावर खोल विहीर. ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कडक पांढरा थर धरत जातो. तो एकदा घट्ट बसला की परत निघत नाही. 'बॅटरी चार्जच घेत नाही' म्हणतात, ते बहुधा हेच.

एका दोरीची सावली

शिडाच्या नौकेवर पॅनेल बसवणाऱ्यांना सर्वांत जास्त छळते ती सावली. डोलकाठी, शीड, दोरखंड, झेंडा, सगळ्यांची सावली पॅनेलवर फिरत असते. आपल्याला वाटते, दोन बोटे सावली पडली तर दोन बोटांएवढीच वीज कमी होईल. तसे होत नाही.

बारा व्होल्टच्या पॅनेलमध्ये साधारण ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पाटाच्या पाण्यासारखे समजा. पाटात एका जागी दगड अडकला की पुढचे सगळे पाणी अडते. एका सेलवर सावली आली की सगळ्या रांगेचा प्रवाह तेवढाच होतो. सावलीला वळसा घालून वीज जावी म्हणून मागच्या डबीत डायोड असतात, पण ते अर्धे पॅनेल वगळतात. उरलेल्या अर्ध्याचा दाब नऊ व्होल्टच्या आसपास राहतो. नऊ व्होल्टने बारा व्होल्टची बॅटरी भरणार कशी? म्हणून हातभर सावलीने चार्जिंग जवळजवळ थांबते.

उपाय सोपा आहे. एक मोठे पॅनेल घेण्याऐवजी निम्म्या आकाराची दोन घ्या. एक डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला, आणि दोन्ही समांतर जोडा. एकावर शिडाची सावली आली तरी दुसरे उन्हात असते. पॅनेल होडीच्या मागच्या बाजूला, डोलकाठीपासून जितके दूर तितके बरे. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ आणि पक्ष्यांची घाण पुसा. जाळे वाळत घालायला दुसरी जागा शोधा. चांगल्या पॅनेलवर जाळे अंथरलेले पाहिले की वाईट वाटते.

गावच्या खांबांचे दुखणेही हेच. दिवा बसवताना आंब्याची फांदी लहान होती. तीन वर्षांत ती पॅनेलवर आली. ठेकेदाराला दोष देण्याआधी एकदा कोयता घेऊन चक्कर मारावी.

मधली डबी आणि तार

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर नावाची डबी लागते. काही जण पैसे वाचवायला पॅनेल थेट बॅटरीला जोडतात. पॅनेलचा दाब मोकळा असताना एकवीस-बावीस व्होल्टपर्यंत जातो. बॅटरी भरल्यावरही तो कोंबत राहिला की पाणी उकळून उडते आणि प्लेटा उघड्या पडतात. कंट्रोलर १४.४ व्होल्टच्या सुमारास हात आखडतो आणि भरल्यावर साडेतेराच्या आसपास नुसती राखण करतो. आपल्या उकाड्यात, बॅटरी चाळीस अंशांपर्यंत तापते तिथे, हा वरचा आकडा चौदाच्या जवळ आणावा लागतो. चांगला कंट्रोलर तापमान बघून ते स्वतःच करतो.

कंट्रोलर दोन जातींचे. पीडब्ल्यूएम स्वस्त, एमपीपीटी महाग. छोट्या होडीला, ३६ सेलच्या बारा व्होल्टच्या पॅनेलला पीडब्ल्यूएम चालतो. पण हल्ली घरावरचे मोठे पॅनेल वॅटमागे स्वस्त पडते, म्हणून लोक तेच होडीवर किंवा खोपीवर आणून बसवतात. ७२ सेलच्या ३३० वॅटच्या पॅनेलचा दाब ३७-३८ व्होल्ट आणि प्रवाह नऊ अँपिअरच्या आत. पीडब्ल्यूएम तो दाब ओढून बॅटरीच्या तेरावर आणतो, प्रवाह मात्र तेवढाच राहतो. नऊ गुणिले तेरा, म्हणजे ११५-१२० वॅट. ३३० चे पैसे दिले आणि दोनतृतीयांश वाया घालवले! तिथे एमपीपीटीच हवा. तो जास्तीचा दाब प्रवाहात बदलून देतो.

तार हा आणखी एक दुर्लक्षित विषय. घरच्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची तार दहा मीटर नेली, तिच्यातून आठ अँपिअर गेले, तर जाऊन-येऊन पावणेदोन व्होल्टच्या वर दाब तारेतच खर्च होतो. कंट्रोलर टपावर पॅनेलपाशी असेल, तर त्याला वाटते बॅटरी भरली आणि बॅटरीपर्यंत पोचतात साडेबारा. ती कधीच भरत नाही. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. कंट्रोलर नेहमी बॅटरीजवळ ठेवा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल जोडा. काढताना आधी पॅनेल काढा. आणि बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा. लाकडी वा फायबरच्या होडीत तार पेटली तर पळायला जागा नसते.

कोणती बॅटरी?

जीपची किंवा ट्रकची जुनी बॅटरी होडीत टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती बॅटरी स्टार्टरला क्षणभर जोराचा झटका देण्यासाठी बनवलेली. तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज रात्रभर हळूहळू उपसा करण्याचे काम तिला झेपत नाही. त्या कामाला ट्यूब्युलर किंवा खोल उपशाची बॅटरी हवी. पाण्याची बॅटरी होडीत कलंडणार नाही अशी बांधा, आणि ती बसेल ती जागा हवेशीर ठेवा, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. त्यात समुद्राचे पाणी शिरले तर क्लोरीनचा विषारी वायू होतो. म्हणून बॅटरी होडीच्या तळात, पाणी साचते तिथे, कधीही ठेवू नये. सीलबंद बॅटरीत सांडण्याची भीती कमी.

आता लिथियमची, त्यातही लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी बाजारात रुळली आहे. तिच्यातून ८० टक्के उपसा बिनधास्त करता येतो, वजन निम्म्याहून कमी, आणि भर-उपशाचे दोन हजारांवर फेरे ती सहन करते. किंमत जास्त, पण वर्षांच्या हिशेबाने बघितले तर अनेकदा स्वस्त पडते. अट एवढीच की कंट्रोलरमध्ये लिथियमची सोय हवी. जुन्या डबीवर नवी बॅटरी चढवू नका.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरातल्या छोट्या बॅटऱ्यांनाही हेच लागू. फवारणीचा पंप काम संपल्यावर रिकामाच कोपऱ्यात ठेवला आणि पुढच्या फवारणीला काढला, तर शिशाची बॅटरी गेलीच म्हणून समजा. काम झाले की त्याच दिवशी भरून ठेवा. डुकरा-माकडांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला गवत टेकले की रात्रभर वीज जमिनीत जाते आणि दोष मात्र पॅनेलला मिळतो.

एक मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. सगळे दिवे बंद करून, बॅटरी तास-दोन तास निवांत ठेवून दाब बघा. शिशाची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ च्या खाली गेली असेल तर आजच भरा. हा आकडा खिशातल्या वहीत आठवड्यातून एकदा लिहिला, तर बॅटरी बसणार हे महिनाभर आधी कळेल.

पावसाळ्याचे दोन महिने

१ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारी बंदीचा काळ. होड्या ओढून वर घेतात, झापांनी नि ताडपत्रीने झाकतात. पॅनेलही झाकले जाते आणि बॅटरी तशीच आत राहते. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला काही टक्के आपोआप उतरते, आणि एखादा छोटा दिवा वा यंत्र जोडलेले राहिले तर दोन महिन्यांत पार रिकामी होते. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेला समुद्र शांत करून होडी लोटावी, तर बॅटरी मेलेली! तेव्हा बंदीच्या आधी बॅटरी पूर्ण भरा, तारा सोडवा, टोकांना व्हॅसलीन लावा, बॅटरी घरी आणा आणि पंधरा-वीस वॅटचे छोटे पॅनेल कंट्रोलरसह लावून तिची राखण करा.

यात दुसराही फायदा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. नेमक्या त्या दिवसांत होडीची शंभर एएचची बॅटरी घरात भरलेली असेल, तर दोन दिवे आणि वाडीतले मोबाईल चालतात. वादळात गावाचा जगाशी संपर्क टिकवणारी ती वस्तू ठरू शकते. आपत्तीच्या आराखड्यात ग्रामपंचायतीने अशा बॅटऱ्यांची यादी का करू नये?

कारभारी मंडळींसाठी

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक, म्हणजे २०२४ पासूनचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याशी दोन शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना आलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. त्या मोकळ्या पैशावर अनेक योजनांची नजर असते, आणि सौर पथदिवा त्यात सर्वांत दिसणारा. उद्घाटनाचा फोटो लगेच निघतो. बॅटरी चौथ्या वर्षी मरते तेव्हा फोटो काढायला कोणी नसते, आणि नव्या बॅटरीची तरतूद कोणत्याच शीर्षाखाली नसते.

एक उदाहरण करून बघा. १२ वॅटचा दिवा बारा तास जळला तर १४४ वॅट-तास लागतात. स्वस्त पडतो म्हणून त्यावर ४० वॅटचे पॅनेल असलेला संच घेतला, तर ४० गुणिले ५ गुणिले ६५ टक्के, म्हणजे १३० मिळतात. हा दिवा चांगल्या उन्हातही रोज तोट्यात आहे. पावसाळ्यात तो बसणारच, त्याला ठेकेदारही वाचवू शकत नाही. ७५ वॅटचे पॅनेल घेतले तर साडेतीन तासांच्या पावसाळी उन्हातही १७० मिळतात. तीन दिवस ऊन नसले तरी चालावा अशी अपेक्षा असेल तर लिथियमची ४० एएचची बॅटरी लागते. आणि मध्यरात्रीनंतर उजेड निम्मा करणारा दिवा घेतला तर १४४ ची गरज १०८ वर येते. निविदेत या चार ओळी लिहायला पैसे पडत नाहीत. सोबत पाच वर्षांची देखभाल, बॅटरीची लेखी हमी आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर, एवढ्या अटी घाला. दर ऐंशीच्या दशकातल्या ताडपत्रीच्या भावाने ठरवायचा आणि माल टिकायची अपेक्षा करायची, हे जमणार नाही.

कराचा भागही लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शिशाच्या बॅटरीवरचा २८ वरून १८ झाला. म्हणजे जुने अंदाजपत्रक तसेच पुढे ढकलू नका, दर नव्याने मागवा. वाचलेल्या पैशातून बॅटरी बदलण्यासाठी दरवर्षी दिव्यामागे थोडी रक्कम वेगळी ठेवा. रजिस्टरमध्ये खांबाचा नंबर, बॅटरी बसवल्याची तारीख आणि बिघाडाची नोंद असू द्या.

जिथे बॅटरी नको, तिथे घेऊ नका

आणखी एक गैरसमज. मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेली कुसुम योजना आणि राज्याची २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना यांतल्या पंपांना बॅटरी नसते, आणि नसावीच. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. तिथे पाण्याची टाकी किंवा शेततळे हीच बॅटरी. दिवसा उपसा, टाकीत साठा, हवे तेव्हा पाणी. 'रात्री पंप चालावा म्हणून बॅटरी लावून देतो' असे कोणी सांगत आले तर चहा पाजून वाटेला लावा.

उलट, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत छपरावर पॅनेल बसवणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की बॅटरीविना असलेला साधा संच वीज गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे वादळात छपरावर तीन किलोवॅट असूनही घरात अंधार. ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान चांगलेच आहे, बिलही घटते. पण आणीबाणीचा दिवा ही वेगळी गोष्ट आहे, तिची सोय वेगळी करावी लागते.

जुन्या बॅटरीचे काय?

शेवटचा मुद्दा, पण कमी महत्त्वाचा नव्हे. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देतो आपण. तो ती मागच्या पडवीत फोडतो, आम्ल ओढ्यात जाते आणि शिशाची धूळ अंगणात बसते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि तो भरून निघत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपल्यावरही ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देण्याचे बंधन आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात देऊन तिची किंमत वजा करून घ्या आणि पावती मागा. ग्रामपंचायतीच्या बॅटऱ्यांचा लिलाव भंगारात काढण्यापेक्षा पुरवठादाराने त्या परत न्याव्यात, अशी अट निविदेतच घातलेली बरी.

तर वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत सौर दिव्यांचा किंवा मच्छिमार सोसायटीत पॅनेलचा विषय आला की तीन प्रश्न विचारा. रोजचा उपसा किती? पावसाळ्यातली भर किती? बॅटरी बदलायचे पैसे कुठे ठेवले आहेत? तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर खुशाल हात वर करा. न मिळाल्यास ठराव पुढच्या सभेपर्यंत ठेवा. एक महिना उशीर परवडतो. मध्यरात्री खाडीच्या तोंडाशी विझलेला दिवा परवडत नाही.